यकृताचा कर्करोग: फवारणीची चर्चा खूप झाली, आता साठवणुकीकडेही पाहा

जुलै २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने यकृताच्या, म्हणजे लिव्हरच्या कर्करोगावर अहवाल प्रसिद्ध केला. २०२२ मध्ये जगात या आजाराचे सुमारे ८ लाख ७० हजार नवे रुग्ण आढळले. हाच कल राहिला तर २०५० पर्यंत ही संख्या वर्षाला १५ लाखांच्या वर जाईल, असा अंदाज त्यात आहे. मात्र दर पाच रुग्णांपैकी किमान तिघांचा आजार टाळता येण्यासारखा असतो, हेही त्याच अहवालात म्हटले आहे. कर्करोगाच्या बाबतीत असे क्वचितच म्हणता येते.

शेतीच्या संकेतस्थळावर हा विषय कशाला, असे तुम्हाला वाटेल. कारण असे, की या कर्करोगाचे एक सिद्ध झालेले कारण खळ्यावर, पोत्यात आणि ढेपेच्या थप्पीत वाढते. ते डोळ्यांना दिसत नाही, शिजवल्याने जात नाही आणि बाजार समितीच्या काट्यावर मोजलेही जात नाही. त्याला आवर घालण्याचे काम डॉक्टरांपेक्षा शेतकऱ्याच्या हातात जास्त आहे.

फवारणी आणि कर्करोग: आधी दोन गोष्टी वेगळ्या करू

यवतमाळ जिल्ह्यात कर्करोगाचा विषय निघाला की बोलणे लगेच फवारणीवर जाते. त्याला कारणही तसेच आहे. २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. ती आठवण पुसली जाणार नाही आणि पुसली जाऊही नये.

पण ती तीव्र विषबाधा होती. ऑरगॅनोफॉस्फेट गटातील औषध श्वासातून किंवा कातडीतून अंगात गेले, तर काही तासांत मज्जासंस्थेवर परिणाम होतो. घाम, उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी, श्वास लागणे ही त्याची लक्षणे आहेत. कर्करोगाची गोष्ट वेगळी आहे. तो वर्षानुवर्षे पेशींत होत गेलेल्या बिघाडातून तयार होतो.

कीटकनाशकांचा आणि यकृताच्या कर्करोगाचा संबंध संशोधकांनी तपासलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये डीडीटीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले. त्या वेळी विचारात घेतलेल्या कर्करोगांत यकृताचा कर्करोगही होता. मात्र माणसांतील पुरावा मर्यादित आहे, असेही संस्थेने नमूद केले. आज कपाशीवर वापरल्या जाणाऱ्या बहुतेक औषधांबाबत यकृताच्या कर्करोगापुरता ठोस पुरावा पुढे आलेला नाही.

याचा अर्थ फवारणी निर्धास्तपणे करावी, असा कृपया घेऊ नका. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि वाऱ्याची दिशा यांबाबत एकही सूट नाही. म्हणणे इतकेच, की सगळा दोष फवारणीवर टाकला तर ज्या कारणांचा पुरावा भक्कम आहे त्यांच्याकडे दुर्लक्ष होते.

मग मुख्य कारणे कोणती?

आयोगाने २०२२ मधील रुग्णांची कारणांनुसार वाटणी दिली आहे, ती साधारण अशी:

- हिपॅटायटिस बी (कावीळ ‘बी’): सुमारे ३९ टक्के
- हिपॅटायटिस सी (कावीळ ‘सी’): सुमारे २९ टक्के
- दारू: सुमारे १९ टक्के
- यकृतात चरबी साठून होणारा दाह, म्हणजे वाढलेले फॅटी लिव्हर: सुमारे ८ टक्के

कावीळ ‘बी’ आणि ‘सी’ हे विषाणू वर्षानुवर्षे शरीरात गुपचूप राहतात. माणूस शेतात राबत असतो, त्याला काही जाणवत नाही, आणि आत यकृत हळूहळू कडक होत जाते. यालाच सिरॉसिस म्हणतात. यकृताचा कर्करोग बहुतेक वेळा अशा आधीच खराब झालेल्या यकृतात होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना कावीळ ‘बी’चा, तर ५५ लाख लोकांना कावीळ ‘सी’चा दीर्घकालीन संसर्ग होता.

दारूबद्दल विदर्भाला वेगळे सांगण्याची गरज नाही. शेजारचा वर्धा जिल्हा १९७५ पासून आणि गडचिरोली १९९३ पासून दारूबंदीखाली आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. यवतमाळातही महिलांनी बंदीसाठी मोर्चे काढले आहेत. कायद्याचे काय व्हायचे ते होवो, यकृताचा हिशेब साधा आहे: दारू गावठी असो की देशी-विदेशी, रोजची सवय आणि वर्षांची संख्या यकृत मोजत राहते.

वरच्या यादीत एक कारण वेगळे दाखवलेले नाही, कारण ते बहुतेक वेळा कावीळ ‘बी’च्या जोडीने काम करते. ते म्हणजे बुरशीचे विष, अफलाटॉक्सिन. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने जगभरातील आकडे तपासून अंदाज मांडला, की यकृताच्या कर्करोगाच्या ४.६ ते २८.२ टक्के रुग्णांमध्ये अफलाटॉक्सिनचा हात असू शकतो. अंदाजाचा पल्ला मोठा आहे, कारण गरीब देशांत धान्यातील विषाची मोजणीच कमी होते.

हे विष सापडले कसे?

१९६० मध्ये इंग्लंडमध्ये अवघ्या काही महिन्यांत सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले. तपास करता करता संशोधक खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोहोचले. पेंडीवर ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ ही पिवळसर हिरवी बुरशी वाढली होती. तिच्या नावावरूनच विषाचे नाव अफलाटॉक्सिन पडले. यातील ‘बी-१’ हा प्रकार सर्वांत घातक. माणसात कर्करोग करणारा म्हणून तो पहिल्या गटात आहे, म्हणजे पुराव्याबद्दल आता वाद उरलेला नाही.

भारताने याचा फटका १९७४ मध्ये पाहिला. राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या आदिवासीबहुल भागांत काढणीच्या सुमारास अवकाळी पाऊस झाला. भिजलेली मक्याची कणसे घरात साठवली गेली. घरात दुसरे धान्य नव्हते, म्हणून बुरशी लागलेला मकाच खाल्ला गेला. दोनशेहून अधिक गावांत कावीळ, पोटात पाणी होणे अशी लक्षणे दिसली. सुमारे ४०० रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतील शंभराहून अधिक दगावले. तोच मका खाणारी गावातील कुत्रीही मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मक्यात किलोमागे ६ ते १५ मिलिग्रॅम विष मोजले. आजच्या कायद्यात धान्यासाठी मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे टनाला १५ मिलिग्रॅम. त्या मक्यात यापेक्षा शेकडो पट विष होते.

इतके विष एकदम पोटात जाण्याचे प्रसंग विरळा. रोजची काळजी वेगळी आहे: थोडे थोडे विष, वर्षानुवर्षे.

थोडे थोडे विष काय करते?

अफलाटॉक्सिन पोटातून यकृतात जाते. यकृत ते बाहेर टाकण्यासाठी त्याचे रूप बदलते, आणि नेमके हे बदललेले रूप पेशीच्या डीएनएला चिकटते. आपल्या पेशींत ‘पी-५३’ नावाचे एक जनुक असते. बिघडलेली पेशी वाढू न देणे हे त्याचे राखणदारीचे काम. १९९१ मध्ये चीनमधील चीडोंग भागातील आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागातील रुग्णांच्या गाठी तपासताना संशोधकांना या जनुकात एकाच ठिकाणी तोच तो बिघाड वारंवार दिसला. दोन्ही भागांतल्या लोकांच्या आहारात अफलाटॉक्सिन जास्त होते. चोराने प्रत्येक घरी एकच ठसा सोडावा, तसा हा प्रकार होता.

यापुढचा पुरावा शांघायचा. तेथे १८ हजारांहून अधिक पुरुषांवर अनेक वर्षे लक्ष ठेवण्यात आले. दोन्ही कारणे नसलेल्या माणसाशी तुलना केली, तेव्हा चित्र असे दिसले:

- फक्त अफलाटॉक्सिनच्या खुणा असलेल्यांना कर्करोगाचा धोका सुमारे साडेतीन पट
- फक्त कावीळ ‘बी’ असलेल्यांना सुमारे सात पट
- दोन्ही असलेल्यांना सुमारे साठ पट

दोन्ही धोक्यांची इथे बेरीज होत नाही, गुणाकार होतो. म्हणून या विषयात लस आणि कोरडे धान्य या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

चीडोंगमध्येच पुढे दिलासा देणारी गोष्ट घडली. १९८० च्या दशकात तेथील लोकांच्या ताटातील मका कमी होऊन तांदूळ वाढला. अफलाटॉक्सिन कमी झाले. ३५ वर्षांखालील लोकांत यकृताच्या कर्करोगाचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. ही माणसे नवजात बालकांचे लसीकरण सुरू होण्यापूर्वी जन्मलेली होती, म्हणजे ही घट लसीमुळे नव्हती. ताटातले विष कमी झाले की आजार कमी होतो, हे यातून दिसले.

यवतमाळच्या पिकांत धोका कुठे?

सगळ्या पिकांत धोका सारखा नाही. जिल्ह्यात घेतल्या जाणाऱ्या पिकांचा विचार असा करता येईल:

- भुईमूग: सर्वाधिक धोका. शेंग जमिनीत पोसते आणि बुरशीही जमिनीतच असते. पुसद, उमरखेड, महागाव भागात पाण्याची सोय असलेले शेतकरी उन्हाळी भुईमूग घेतात. शेंगा भरताना पाण्याचा ताण आणि काढणीला वळवाचा पाऊस, हे दोन्ही एकत्र आले की बुरशीला रान मोकळे.
- मका: कणसात अळीने केलेल्या छिद्रांतून बुरशी शिरते. ओली कणसे ढीग करून ठेवल्यास झपाट्याने वाढते.
- सरकी आणि ढेप: पावसात भिजलेल्या बोंडांतील सरकीत विष तयार होऊ शकते. तेल काढल्यावर ते बरेचसे ढेपेत राहते आणि ढेप जनावराला जाते.
- ज्वारी: परतीच्या पावसाने काळी पडलेली ज्वारी बहुतेक वेळा दुसऱ्या बुरशींमुळे काळी पडते. पण तीच ज्वारी ओलसर साठवली तर अफलाटॉक्सिनची बुरशीही चढते.
- हळद: शिजवल्यानंतर वाळवणी रेंगाळली तर धोका.
- सोयाबीन, तूर, हरभरा: तुलनेने कमी धोका, मात्र ओलसर साठवल्यास तेही सुटत नाहीत.

येथे ओलाव्याच्या एका चालू मुद्द्याकडे लक्ष द्या. २०२४ च्या खरिपात पावसामुळे सोयाबीन ओले राहिले. तेव्हा केंद्राने हमीभाव खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. विक्रीच्या दृष्टीने शेतकऱ्याला त्याची गरज होती. पण बुरशीला शासन निर्णय लागू होत नाही. १५ टक्के ओलाव्याचा माल विकता आला, तरी तो घरात साठवण्याजोगा होत नाही. विक्रीची मर्यादा आणि साठवणुकीची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चांगला माल बाजारात, उरलेला घरात

खरी अडचण यापुढे आहे. बाजारात मालाचे वजन होते, ओलावा पाहिला जातो, काडीकचरा आणि डागी दाणे यांची कपात होते. विषाची तपासणी होत नाही. युरोपला जाणाऱ्या भुईमुगाची होते, कारण तिथे थेट खाण्याच्या शेंगदाण्याला किलोमागे ४ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे आणि त्याहून जास्त आढळला तर माल परत येतो. गावच्या बाजारात असे कोणी परत पाठवत नाही.

मग शेतकरी काय करतो? भाव मिळावा म्हणून टपोरा, स्वच्छ माल वेगळा काढून विकतो. बारीक, सुरकुतलेले, रंग गेलेले, किडके दाणे मागे राहतात. त्यातला काही भाग चटणीला, काही घाण्यावर तेलाला, काही कोंबड्यांना आणि काही गोठ्यात जातो. विष मात्र पोत्यात सगळीकडे सारखे पसरलेले नसते. ते बहुतांशी अशाच मूठभर खराब दाण्यांत गोळा झालेले असते. म्हणजे आपण नकळत सर्वांत चांगला माल अनोळखी माणसाला आणि सर्वांत धोक्याचा माल आपल्या लेकरांना देतो.

गोठ्यातला धोकाही घरातच परततो. गाय-म्हैस विषारी ढेप खाते आणि तिच्या दुधात ‘एम-१’ या रूपात ते विष उतरते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यांपैकी ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत, ‘एम-१’ मर्यादेपेक्षा जास्त आढळले. दुधासाठीची मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे. दूध उकळल्याने हे विष जात नाही. प्राधिकरणानेही त्या वेळी बोट दाखवले ते चारा आणि पशुखाद्याकडेच.

खर्च थोडा, उपयोग मोठा

हे टाळायला महागडी यंत्रे लागतात का? पश्चिम आफ्रिकेतील गिनी देशात याची परीक्षा झाली. भुईमूग खाणाऱ्या २० गावांपैकी दहा गावांत साध्या गोष्टी केल्या: खराब शेंगा हाताने निवडून काढणे, जमिनीऐवजी चटईवर वाळवणे, ज्यूटच्या पोत्यांत भरणे, पोती लाकडी फळ्यांवर ठेवणे आणि किडींचा बंदोबस्त. उरलेल्या दहा गावांत नेहमीची पद्धत चालू राहिली. काढणीनंतर पाच महिन्यांनी लोकांच्या रक्तातील अफलाटॉक्सिनच्या खुणा तपासल्या. साध्या उपायांच्या गावांत त्या निम्म्याहून कमी होत्या. २००५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

आपल्याकडे करण्यासारखे:

१. शेतात: भुईमुगाच्या शेंगा पोसण्याच्या काळात शेवटचे तीन ते सहा आठवडे पाण्याचा ताण पडू देऊ नका. एखादे संरक्षित पाणी इथे सर्वाधिक उपयोगी पडते. आऱ्या सुटताना शिफारशीप्रमाणे जिप्सम द्या, टरफल मजबूत होते. बियाण्याला ट्रायकोडर्माची प्रक्रिया करा. आंतरमशागतीत शेंगांना इजा होऊ देऊ नका.

२. काढणी: टरफलाची आतली बाजू काळपट दिसू लागली आणि बहुतांश शेंगा पक्व झाल्या की काढणी लांबवू नका. मजुरांअभावी आठ-दहा दिवस पीक जमिनीत राहणे महागात पडते.

३. वाळवणी: उपटलेले वेल शेंगा वर येतील असे उलटे पसरवा. तोडलेल्या शेंगा ताडपत्रीवर पातळ थरात वाळवा, दिवसातून दोन-तीनदा हलवा, रात्री झाका. शेंग कानाशी हलवल्यावर दाणा खुळखुळला पाहिजे. साठवणुकीसाठी शेंगांत ८ ते ९ टक्के, मका आणि ज्वारीत १२ टक्क्यांच्या आसपास ओलावा असावा.

४. निवड: फुटक्या, किडक्या, काळपट, सुरकुतलेल्या शेंगा आणि दाणे वेगळे काढा. ते खाऊ नका, जनावरांना आणि कोंबड्यांनाही घालू नका. खड्ड्यात पुरा. चांगल्या मालात मिसळून वजन वाढवण्याचा मोह टाळा.

५. साठवण: शेंगदाण्याऐवजी शेंगा साठवा, टरफल हे नैसर्गिक कवच आहे. फोडणीला सोपे जावे म्हणून शेंगांवर पाणी मारण्याची पद्धत बंद करा. पोती भिंतीला चिकटवून किंवा जमिनीवर ठेवू नका, खाली फळ्या द्या. हवाबंद पिशवी चांगली, पण माल पूर्ण कोरडा असेल तरच.

६. ढेप: बुरसट वास, गोळे किंवा ओलसरपणा असलेली ढेप घेऊ नका. पावसाळ्यात एकदम मोठा साठा करू नका. विष शोषून घेणारे पूरक पशुखाद्यात द्यायचे असेल तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्या. पण खराब ढेप खपवण्यासाठी त्याचा वापर करू नका.

शेवटचा एक गैरसमज दूर करायला हवा. बुरशी पुसली, धुतली किंवा दाणे भाजले की विष गेले, असे होत नाही. बुरशी दिसत नाही म्हणजे विष नाही, असेही नसते.

दुसरी बाजू: लस आणि तपासणी

कावीळ ‘बी’चा विषाणू १९६० च्या दशकात अमेरिकेतील बरूच ब्लूमबर्ग यांनी शोधला. त्यांना १९७६ मध्ये नोबेल मिळाले. तैवानने १९८४ पासून नवजात बालकांना लस द्यायला सुरुवात केली आणि ६ ते १४ वयोगटातील मुलांमध्ये यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. लसीने कर्करोग टळतो, हे जगाला प्रथम या उदाहरणाने दाखवून दिले. भारतात १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने स्वदेशी लस आणली आणि किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली. २००२ मध्ये काही भागांत सुरू झालेले मोफत लसीकरण २०११ मध्ये देशभर नेण्यात आले.

तुमच्या घरासाठी याचा अर्थ असा:

- बाळ जन्मल्यावर २४ तासांच्या आत पहिला डोस मिळाला का, हे आशाताईंना विचारा. आईला संसर्ग असेल तर हा डोस बाळाला वाचवतो. पुढचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना असतात.
- आज विशी-पंचविशीच्या पुढे असलेल्या बहुतेकांना लहानपणी ही लस मिळालेली नाही. त्यांनी एकदा ‘एचबीएसएजी’ ही रक्त तपासणी करून घ्यावी. राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात, २०१८ पासून, तपासणी आणि औषधे मोफत आहेत.
- कावीळ ‘सी’वर लस नाही, पण साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.
- हे विषाणू रक्तातून, वापरलेल्या सुईतून, एकाच वस्तऱ्यातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला जातात. एका ताटात जेवल्याने किंवा सोबत वावरात काम केल्याने पसरत नाहीत. संसर्ग निघालेल्या माणसाला वेगळे टाकू नका.
- कावीळ झाली की मंतरणे, उतरवणे, झाडपाल्याचा रस यांत दिवस घालवू नका. कोणत्या प्रकारची कावीळ आहे, हे रक्त तपासूनच कळते.

उपचार कुठवर पोहोचले?

गाठ लहान असताना सापडली तर शस्त्रक्रियेने काढता येते, उष्णतेने जाळता येते, किंवा निवडक रुग्णांत यकृताचे प्रत्यारोपण करता येते. त्यातून पूर्ण बरे होण्याची संधी असते. अडचण अशी, की लहान गाठ दुखत नाही. वजन घटणे, पोट फुगणे, उजव्या बरगडीखाली दुखणे, डोळे पिवळे होणे ही लक्षणे दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून सिरॉसिस असलेल्यांनी, आणि कावीळ ‘बी’च्या रुग्णांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि ‘एएफपी’ रक्त तपासणी करावी.

पसरलेल्या आजारावर २००७ मध्ये ‘सोराफेनिब’ हे पहिले परिणामकारक औषध मान्य झाले. चाचणीत त्याने सरासरी आयुष्य सुमारे ७.९ महिन्यांवरून १०.७ महिन्यांपर्यंत वाढवले. भारतात बायर कंपनीच्या या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. मार्च २०१२ मध्ये भारताच्या पेटंट नियंत्रकांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला ते बनवण्याचा सक्तीचा परवाना दिला आणि किंमत ८,८८० रुपयांवर आली. देशातील हा पहिलाच असा परवाना. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तो कायम ठेवला. त्यानंतर २०२० मध्ये दोन औषधांची नवी जोडी आली. तिने सरासरी आयुष्य सोराफेनिबच्या १३.४ महिन्यांवरून १९.२ महिन्यांवर नेले. ही प्रगती खरी आहे, पण अजून ती महिन्यांत मोजावी लागते. साठवणुकीतला आणि लसीतला फायदा मात्र वर्षांत आणि पिढ्यांत मोजला जातो.

रुग्ण निघालाच तर वेळ दवडू नका. यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय येथे दाखवता येते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचारांचे संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, आणि कोणता उपचार योजनेत बसतो हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी विचारा. जमीन गहाण टाकण्याचा निर्णय त्यानंतर घ्या.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

फवारणी सुरक्षेच्या सभा २०१७ नंतर गावोगाव झाल्या आणि त्या चालूच राहायला हव्यात. त्याच सभेत पंधरा मिनिटे वाळवणीला द्या. उन्हाळी भुईमुगाच्या काढणीआधी, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, शेतकरी गटाकडे एक ओलावामापक आणि पुरेशा ताडपत्र्या आहेत का, ते पाहा. बचत गटाच्या बैठकीत आशाताईंना सोबत घ्या, कारण दाणे निवडायचे काम बहुतेक घरांत बायाच करतात आणि बाळाच्या लसीचा निर्णयही त्यांच्याच हाती असतो. शेतकरी उत्पादक कंपनी भुईमूग किंवा हळद विकत असेल, तर वर्षातून एकदा तरी नमुना प्रयोगशाळेत पाठवायला सांगा.

आणि एक मागणी तुम्ही शेतकरी म्हणून लावून धरायला हवी. निर्यातीच्या मालाला जी तपासणी मिळते, ती तालुक्याच्या बाजारातील मालाला आणि ढेपेलाही मिळाली पाहिजे. विषमुक्त मालाला चार पैसे जास्त मिळाले तर निवडण्याचे कष्ट कोणी टाळणार नाही. ते होईपर्यंत एवढा नियम घरी पाळा: जो दाणा विकायला लाज वाटते, तो घरच्या ताटात आणि गोठ्यातही जाऊ देऊ नका.